टोपातले फोन

महाप्रसादाच्या टोपात पहिला फोन सदाकाकांनी स्वतःचा टाकला. सरपंचांनीच सुरुवात केली म्हटल्यावर बाकीच्यांना मागे राहता येईना. सातेरीदेवीच्या देवळासमोर रांग लागली. एकेक जण टोपापाशी यायचा, वाकायचा आणि आपला फोन हळूच आत ठेवायचा. काहींनी ठेवण्याआधी तो कपाळाला लावला. द्रौपदीकाकींनी आपला फोन रुमालात गुंडाळला आणि मला बजावलं, की त्याच्यावर दुसऱ्या कोणाचा फोन ठेवू द्यायचा नाही.

तो तांब्याचा टोप इतका मोठा आहे, की जत्रेला त्यात अख्ख्या गावाचा भात शिजतो. त्या दिवशी अख्ख्या गावाचे फोन त्यात मावले आणि वर बरीच जागा उरली.

"आता कोणी इचारल्यान तर काय सांगूचा?" सदाकाकांनी विचारलं.

"हय नेट नाय," सगळे एका सुरात म्हणाले, शाळेत पाढे म्हणावेत तसे.

मी तेव्हा नुकतीच भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते. त्या क्षणी मला वाईट वाटत होतं ते एवढ्याचसाठी, की गावात नेट होतं आणि ते मी आणलेलं होतं.

आमचं पाणखोल दोन सड्यांच्या, म्हणजे कातळी पठारांच्या, मधल्या घळीत आहे. खाडीपलीकडच्या सड्यावर एका कंपनीचा टॉवर होता, पण तिथून निघालेला सिग्नल सरळ रेषेत आमच्या घरांवरून जायचा. खाली उतरायचं त्याला काही कारण नव्हतं. सुट्टीत घरी आले की मी फोन हातात धरून गावभर फिरायचे आणि कुठे किती सिग्नल लागतो ते बघायचे. लोकांना वाटायचं, शहरात राहून पोरगी बिघडली. शेवटी एकदा आंबे काढायच्या झेल्याला फोन बांधला आणि देवळामागच्या सातविणीच्या फांद्यांत वर वर नेला. खाली आणला तेव्हा त्यात चार मेसेज येऊन पडलेले होते.

पुढचं सोपं होतं. विहिरीचा जुना रहाट सातविणीच्या वरच्या फांदीला बांधला. त्यावरून दोर सोडला. देवीला फुलं वाहायच्या परडीत माझा जुना फोन ठेवला, सोबत चार्जिंगचा डबा, वरून प्लॅस्टिक, आणि परडी वर ओढली. वरचा फोन टॉवरकडून नेट घ्यायचा आणि वायफाय म्हणून खाली देवळाच्या आवारात सोडायचा. वायफायला मी नाव दिलं सातेरी. गुरव रोज परडी उतरवून फोन चार्ज करायचे आणि पुन्हा वर चढवताना त्यात एक जास्वंद ठेवायचे. जास्वंदीने रेंज वाढत नाही हे मी त्यांना दोनदा सांगितलं. कमी होते का, असं त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर ते जास्वंद ठेवत राहिले.

एका फोनच्या वायफायवर एका वेळी दहाच जण बसू शकतात. त्यामुळे गावात नेटची पाळी लागली. दहा जण आवारात येऊन बसायचे, काम झालं की आपलं वायफाय बंद करायचे, मग पुढच्याला जागा मिळायची. जो बंद न करता घरी जायचा त्याच्या नावाने देवळासमोर उभं राहून शिव्या दिल्या जायच्या. नेट आवाराबाहेर पोचत नसे. भाताचं रोप कुठून आणायचं इथपासून मुंबईच्या नातवाचं बारसं इथपर्यंत जे काय व्हायचं ते आवारात, सगळ्यांच्या समोर.

आणि इथेच माझ्या वहिनीची अडचण होती.

दिगूदादा बोटीवर होता. बोट बंदराला लागली की त्याचा व्हिडिओ कॉल यायचा, तोही दिवसा कधीही. रेणुका वहिनी घाटावरची, गारगोटीकडची. तिच्या माहेरी नवरा-बायको चारचौघांत एकमेकांचं नावही घेत नाहीत. इथे मात्र तिला आवारातल्या चौथऱ्यापाशी उभं राहून नवऱ्याशी बोलावं लागायचं, आणि कॉल आला की निम्मं गाव तिच्या खांद्यावरून डोकवायचं. द्रौपदीकाकी दादाला विचारायच्या, तिकडे मासे कसले मिळतात. सदाकाका विचारायचे, तिकडे पाऊस कसा आहे. दादाने काय खाल्लं, त्याला कुठल्या मलमाने बरं वाटलं, त्याच्या साहेबाचा स्वभाव कसा, हे सगळं गावाला तोंडपाठ होतं. उरलेल्या वेळात वहिनी म्हणायची, तब्येत सांभाळा. तो म्हणायचा, तूपण. मग कॉल तुटायचा.

एकदा दादाने विचारलं, "अजून रागावलीस का?"

आवारातल्या सगळ्यांनी आपापले फोन खाली ठेवले आणि कान टवकारले. वहिनीने मान हलवून नाही म्हटलं आणि फोन ठेवला. पण त्यानंतर कितीतरी दिवस गावात दोन तट होते. एका तटाचं म्हणणं, राग माहेरी पाठवलं नाही म्हणून. दुसऱ्याचं म्हणणं, त्याने आईला साडी पाठवली आणि हिला नाही म्हणून. द्रौपदीकाकी न्याय करायला थेट घरी आल्या. "गो, तू रागावललस कित्याक?" त्यांनी विचारलं. वहिनी म्हणाली, आता आठवत नाही. काकींना ते पटलं नाही. मलाही.

त्या संध्याकाळी भाकऱ्या थापताना वहिनीने मला विचारलं, की गावात टॉवर आला तर नेट घरात येईल का. मी म्हटलं, येईल. माजघरात? येईल. आतल्या खोलीत, दार लावलं तरी? मी तिला समजावून सांगायला लागले की लाकडाच्या दाराने फारसा फरक पडत नाही, चिऱ्याची भिंत थोडा सिग्नल खाते, पण टॉवर जवळ असला तर. तिने मला मध्येच थांबवलं.

"दार लावून बोलता येईल एवढं सांग."

"येईल."

"बस," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

म्हणून टॉवरच्या यादीत पाणखोलचं नाव आलंय आणि नेटवर्क मोजायला माणूस येणार, हे कळलं तेव्हा घरात सगळ्यात शांत वहिनी होती आणि सगळ्यात जास्त तीच वाट बघत होती.

सदाकाकांनी मात्र धसका घेतला. खाडीपलीकडच्या एका वाडीत म्हणे असाच माणूस आला होता. कोणा शहाण्याने त्याला अभिमानाने सांगितलं, येतं की आमच्याकडे नेट, आणि टॉवर दुसरीकडे गेला. आदल्या दिवशीच्या बैठकीत काकांनी फर्मान काढलं: परडी खाली, फोन टोपात, आणि तोंडाला कुलूप. देवळाच्या भिंतीवर गुरवांनी रंगाने लिहिलेलं होतं, 'पाळी संपल्यावर वायफाय बंद करावे'. त्यावर चटई टांगायची.

मी उभी राहिले. म्हटलं, यातलं काहीच करायची गरज नाही. तो माणूस टॉवरचा सिग्नल मोजणार. आपण वापरतो ते वायफाय. दोन्ही वेगळ्या गोष्टी. कोणाला कळेना, तेव्हा मी सांगितलं, की गावात विहीर नाही म्हणून आपण लांबच्या विहिरीवरून कळशी भरून आणतो असं समजा. तो विहिरी मोजायला येतोय, कळश्या नाही.

"पाणी ता पाणी," सदाकाका म्हणाले, आणि बैठक संपली.

मी घरी येऊन बराच वेळ धुसफुसत होते. वहिनी तांदूळ निवडत ऐकत होती. टोपात फोन ठेवून काय होणार, मी म्हटलं. एक आहे, की तांब्याच्या भांड्यावर तांब्याचं झाकण घातलं की वायफाय आत जवळजवळ पोचत नाही, एवढं तरी त्यांच्या हातून नकळत बरोबर होणार. मी टोपात फोन ठेवून करून पाहिलं होतं. झाकण काढलं की येतं, घातलं की जातं. वहिनीने विचारलं, परडी खाली असेल तर? मग प्रश्नच नाही, मी म्हटलं, परडी खाली असली की वरच्या फोनलाच टॉवर दिसत नाही, तो खाली काय देणार. ती हं म्हणाली. मला वाटलं, मला बरं वाटावं म्हणून ऐकून घेतेय.

मोजणारा माणूस सकाळी मोटारसायकलवरून आला. नाव अंभोरे, अकोल्याकडचा, माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठा असेल. घामाने भिजलेला. छातीशी पट्ट्याने बांधलेली एक पाटी आणि तिच्यावर चार कंपन्यांचे चार फोन. देवळाच्या मुदपाकखान्यात बायका घावणे घालत होत्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं उकळत होतं. पण तो म्हणाला, आधी काम. मला तो आवडला.

त्याने आवार मोजलं, शाळा मोजली, खाडीचा धक्का मोजला. मी त्याच्या मागेमागे पाटीवर डोकावत होते. चारही फोनवर शून्य. मला जे माहीत होतं ते दुसऱ्याच्या यंत्रावर दिसताना मला एक प्रकारचा आनंद होत होता. मागून सगळं गाव, मयताला निघाल्यासारखं, मान खाली घालून चाललेलं. कोणी काही विचारलं नसतानाही मध्येच एखादा पुटपुटायचा, हय नेट नाय.

अंभोरे परत आवारात येऊन चौथऱ्यावर बसला. टोप त्याच्यापासून चार हातांवर होता, झाकण घातलेला, वर गुरवांनी ठेवलेलं जास्वंद. वहिनीने त्याला कोकमाचं सरबत दिलं. तो खुशीत होता. म्हणाला, सिग्नल कुठेच नाही, म्हणजे पहिला भाग तुमच्या बाजूने आहे. सदाकाकांचा चेहरा उजळला.

"आता सांगा, गावात मोबाईल किती जणांकडे आहेत?"

या प्रश्नाचं उत्तर पाठ करून घेतलेलं नव्हतं. सदाकाकांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही जमिनीकडे पाहिलं.

"मोबाईल?" काका म्हणाले, जणू हा शब्द आजच कानावर पडला. "मोबाईल हय कोणाकडेच नाय."

अंभोरेने विचारलं, मग बाहेरगावच्या माणसांशी तुम्ही बोलता कसे. एकदा घसरलेला माणूस थांबत नाही. काकांनी सांगितलं, पत्र लिहितो. फारच घाईचं असेल तर एक जण सड्यावर चढतो आणि पलीकडे हाक मारतो. मागून कोणीतरी भर घातली, की पूर्वी शंखही फुंकायचे. कोणीतरी विचारलं, सातेरीची शपथ घेऊ का? त्याला मात्र काकांनी डोळ्यांनीच गप्प केलं. देवीसमोर बसून एवढं भान त्यांना होतं.

अंभोरेने पेन खाली ठेवलं. इतका वेळ तो पुस्तकी मराठी बोलत होता, ती त्याच्या तोंडून गळून पडली.

"मंग टावर कायले पाहिजे तुमाले?"

 मग त्याने, राग न येता, समजावून सांगितलं. सिग्नल नाही, हे अर्धंच झालं. वापरणारे किती आहेत तेही वर कळवायचं असतं. जिथे वापरणारेच नाहीत तिथे टॉवर उभा करून कंपनी काय करणार? शून्य लिहिलं की पाणखोलचं नाव यादीच्या तळाशी जाणार, आणि तिथून वर आलेलं नाव त्याने अजून पाहिलं नव्हतं.

सदाकाकांची पंचाईत झाली. आता फोन आहेत म्हणावं तर पाहुण्यासमोर सगळं गाव खोटं पडतं. नाहीत म्हणावं तर टॉवर जातो. मी तोंड उघडलं. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी ते मिटलं. चाळीस माणसांच्या समोर सरपंचाला खोटं पाडायचं कसं, याचा कुठलाच नियम मी शिकले नव्हते. मी शब्द जुळवत होते.

तेवढ्यात वहिनी मुदपाकखान्यातून आली. सांबाऱ्याच्या भांड्यावर घालायला झाकण नाही, असं आमच्या आईला सांगत ती टोपापाशी गेली, जास्वंद उचलून डोक्यात माळलं, टोपाचं झाकण दोन्ही हातांनी उचललं आणि घेऊन गेली. तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. माझं होतं. ती मुदपाकखान्यात न थांबता मागच्या दाराने बाहेर पडली, हेही मला दिसलं. पण मी मनात वाक्य रचत होते.

अंभोरेने शून्य लिहायला पेन उचललं, आणि टोपात एक टिंग वाजली.

सदाकाका खोकले.

दुसरी टिंग. मग तिसरी वेगळ्याच सुरातली. गुरवांनी उगाच देवळाची घंटा वाजवली. ती थांबल्यावर टोपातून एका पाठोपाठ एक आवाज यायला लागले. रात्रभर साचलेली सुप्रभातं, बाजारभाव, बारशाचे फोटो, सगळं एकदम येत होतं. परडीच उतरवलेली, म्हणून फोनचं वायफाय बंद करायचं कोणाला सुचलं नव्हतं; तरी आवाज दहाच फोनांचे होते, दहाच्या वर जागा नव्हती. पण टोप तांब्याचा, आणि त्यात एक फोन थरथरला तरी आवारभर घुमतो. मग टोपात कोंबडा आरवला. द्रौपदीकाकींच्या मुंबईच्या नातवाने त्यांच्या फोनला तो आवाज लावून दिलेला होता.

अंभोरे टोपाकडे पाहत होता.

"यात काय आहे?"

"देवीचो प्रसाद," सदाकाका म्हणाले.

प्रसाद पुन्हा आरवला.

अंभोरे उठला, टोपापाशी गेला आणि आत वाकून पाहिलं. बराच वेळ तो तसाच वाकलेला राहिला. त्याची पाठ हलत होती. मला आधी वाटलं, तो चिडलाय. मग तो वळला तेव्हा त्याच्या डोळ्यांत हसून पाणी आलेलं होतं आणि त्याला धड बोलता येत नव्हतं.

त्याने वरचा एक फोन उचलून विचारलं, हा कोणाचा. कोणी मालक पुढे येईना. त्याने तो चौथऱ्यावर ठेवला. दुसरा काढला. तोही बेवारस. मग रुमालात गुंडाळलेला हाताला लागला, आणि तो दुसऱ्यांच्या ढिगावर ठेवायला जाणार इतक्यात द्रौपदीकाकींचा धीर सुटला.

"माझो तो. फुटात, हळू ठेव."

मग बांध फुटला. सगळे आपापला फोन सांगायला पुढे आले. अंभोरे एकेक फोन हातात देत गेला, नाव विचारत गेला आणि कागदावर खूण करत गेला. त्याला जे घरोघर फिरून मोजावं लागलं असतं ते एका टोपात जमा होतं. सगळ्यात शेवटी तळाचा फोन सदाकाकांचा निघाला. काका म्हणाले, तो आपला नाही. मग म्हणाले, आपला असला पाहिजे.

नंतर अंभोरेने स्वतःचा फोन काढला. त्यावर सातेरी नावाचं वायफाय दिसत होतं. तो फोन पुढे धरून चालत निघाला, सिग्नल वाढेल तिकडे वळत वळत, देवळाला वळसा घालून सातविणीखाली पोचला आणि वर पाहू लागला. वर परडी हलत होती. हे कोणी केलं, त्याने विचारलं, आणि पहिल्यांदाच कोणी माझ्याआधी बोललं नाही. मी त्याला सगळं सांगितलं. फांदीची उंची, सड्याचा कडा, सरळ रेषा, दहाची मर्यादा. रहाटाऐवजी सुरुवातीला झेला होता तेही. त्याने चांगले प्रश्न विचारले. वारा सुटला की काय होतं, हे त्याने विचारलं तेव्हा तर माझा ऊर भरून आला. हा प्रश्न आजवर मला कोणी विचारला नव्हता. आमचं बोलणं लांबलं तशी द्रौपदीकाकींनी मागून त्याला विचारलं, की लग्न झालंय का. झालं होतं.

मग मी त्याला तो प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर मला माहीत होतं, पण ते सदाकाकांच्या देखत यायला हवं होतं. या परडीने तुमच्या मोजणीत फरक पडतो का? काही नाही, तो म्हणाला. आवारात टॉवरचा सिग्नल शून्य तो शून्यच. झाडावर तुम्ही फोन बांधा नाहीतर आकाशकंदील, त्याचा रकानाच नाही. सदाकाका माझ्याकडे बघायचं टाळत होते.

जेवताना विषय निघाला तो निघालाच, की परडी वर चढवली कोणी. गुरव म्हणाले, दोराची गाठ आपली नाही. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. वहिनी घावणे वाढत होती. तिने मान खाली घातली आणि अगदी हळू आवाजात सांगितलं, की आज ह्यांची बोट बंदराला लागणार होती, फोन येईल असं वाटलं, राहवलं नाही.

सदाकाका म्हणाले, "बाये, एक दिवस दम काढूक जमाक नाय?"

"घोव दर्यावर आसा तिचो. तुमका काय कळतला?" द्रौपदीकाकींनी त्यांना झापलं, आणि सगळी पंगत हसली. बायकांनी वहिनीला कोपरं मारली. अंभोरेही हसला. वहिनी लाजून आत निघून गेली. काकांनी चौथा घावणा मागितला, म्हणजे त्यांनी माफ केलं होतं.

मी मात्र घास हातात धरून बसले होते. दादाच्या बोटीचा रस्ता मी नकाशावर रोज पाहायचे. तो मला नादच होता. त्या दिवशी बोट भर समुद्रात होती. बंदर अजून आठवडाभर लांब होतं. आणि हे माझ्याइतकंच वहिनीलाही माहीत होतं.

दुपारी ती मागच्या पडवीत टोपाचं झाकण चिंचेने घासत बसली होती. सांबाऱ्याचा एक थेंबसुद्धा त्याला लागलेला नव्हता. मी शेजारी जाऊन बसले.

"वहिनी, आज दादाचा फोन येणार नव्हता."

"नव्हता."

"आधी झाकण नेलंस, मग परडी चढवलीस."

"उलटं केलं असतं तर चाललं असतं?" तिने खरंच कुतूहलाने विचारलं.

मी विचार केला. चाललं असतं, मी म्हटलं, पण झाकण काढताना आवाज एकदम सुटला असता आणि सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं असतं.

"तेच मला वाटलं," ती म्हणाली.

मी तिला विचारलं, मग खरं का नाही सांगितलंस. अंभोरे शून्य लिहायला निघाला होता, तू गावाचा टॉवर वाचवलास. सगळ्यांनी नाव काढलं असतं. तिने झाकणावर पाणी ओतलं आणि ते उन्हाकडे धरून पाहिलं.

"गाव खोटं बोलत होतं, ते मी उघडं पाडलं, असं म्हटलं असतं तर कोणी विसरलं असतं का? नवऱ्यासाठी उतावीळ झाले म्हटलं की हसतात आणि सोडून देतात. तेवढं हसू मी रोजच सोसते. आज त्याचा उपयोग झाला."

मी हे आजवर कोणाला सांगितलं नाही. गावात अजूनही ती गोष्ट बोट लागणार म्हणून वेडावलेल्या सुनेची म्हणूनच सांगतात, आणि दर वेळी वहिनी लाजते. फार सुंदर लाजते.

टॉवर पुढच्या वर्षी उभा राहिला. त्यानंतरचा दादाचा पहिला कॉल आला तेव्हा आम्ही सगळे घरातच होतो. द्रौपदीकाकी काहीतरी मागायला आल्या होत्या आणि काय मागायला ते विसरल्या होत्या. वहिनीने पदराला हात पुसले, फोन घेतला, आतल्या खोलीत गेली आणि दार लावलं. मग कडीही लावली.

आई तांदूळ निवडत राहिली. काकी पाटावर बसून होत्या. त्यांनी मला हळूच विचारलं, की आत काय चाललंय ते समजायला माझ्या शिक्षणात काही आहे का. मी म्हटलं, आवाज दारातून येतो, पण शब्द ओळखू येतीलच असं नाही. एकदा वहिनी मोठ्याने हसल्याचं ऐकू आलं. तिला तसं हसताना मी त्याआधी ऐकलेलं नव्हतं. मग बराच वेळ काहीच नाही.

ती बाहेर आली तेव्हा दिवेलागण झाली होती. काकी अजून पाटावरच होत्या.

"काय म्हणता दिगू?"

वहिनीने चुलीपुढे बसून लाकूड पुढे सारलं. घाटावरच्या माझ्या वहिनीने तोवर आमच्या बोलीतला एक शब्दही तोंडातून काढला नव्हता.

"काय नाय," ती म्हणाली.